वंडर वुमन, १९४२ ते १९८६ : ३२९ अंकांची छाननी, क्रमांकांचे घोळ आणि अस्सल प्रत ओळखणे

कागदकीडा (धागाकर्ता) :

वंडर वुमनचा पहिला अंक कोणता, असं विचारलं की तीन उत्तरं येतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. ती पहिल्यांदा छापून आली 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या ८व्या अंकात. मुखपृष्ठावर पहिल्यांदा झळकली 'सेन्सेशन कॉमिक्स'च्या १ल्या अंकात. तिच्या स्वतःच्या नावाचं कॉमिक निघालं ते त्यानंतर, १९४२च्या उन्हाळ्यात. जुने अंक विकणारे 'पहिला अंक' हे दोन शब्द सोयीनुसार वापरतात, म्हणून हा धागा. व्याप्ती पहिल्या मालिकेपुरती : अंक १ ते ३२९, फेब्रुवारी १९८६ पर्यंत. जॉर्ज पेरेझच्या १९८७च्या मालिकेवर बोलायचं तर वेगळा धागा काढा.

माझं म्हणणं एवढंच आहे की १ ते ३२९ असा सलग आकडा दिसत असला तरी ही एक मालिका नव्हे. एका नावाखाली निदान पाच वेगळी कॉमिक्स निघाली. लेखक, चित्रकार, पानं, किंमत, बाईंचा वेश, इतकंच काय तर बाईंच्या शक्तीसुद्धा बदलल्या. अंक हातात आला की आधी काळ ठरवा, भाव नंतर.

सुरुवातीपासून घेऊ. विल्यम मोल्टन मार्स्टन हा मानसशास्त्रज्ञ. रक्तदाबावरून खोटं पकडायच्या चाचणीवर त्याने काम केलं होतं. 'फॅमिली सर्कल' मासिकाच्या २५ ऑक्टोबर १९४०च्या अंकात त्याची मुलाखत आली, कॉमिक्सना हसू नका अशा मथळ्याची. मुलाखत घेणारी 'ऑलिव्ह रिचर्ड' म्हणजे ऑलिव्ह बर्न, मार्स्टनच्याच घरात राहणारी त्याची सहचरी. तेव्हा मुलाखत किती तटस्थ होती ते समजून घ्या. ती वाचून ऑल-अमेरिकन पब्लिकेशन्सच्या एम. सी. गेन्सने मार्स्टनला सल्लागार मंडळावर घेतलं. फेब्रुवारी १९४१मध्ये मार्स्टनने पहिली संहिता संपादक शेल्डन मेयरकडे दिली, त्यात नायिका होती 'सुप्रीमा, द वंडर वुमन'. मेयरने सुप्रीमा उडवलं. चित्रं काढायला हॅरी जी. पीटर आला, जो तेव्हाच साठी ओलांडलेला होता. लेखक म्हणून नाव छापलं 'चार्ल्स मोल्टन' : चार्ल्स हे गेन्सचं मधलं नाव, मोल्टन हे मार्स्टनचं.

'ऑल स्टार' ८वर तारीख आहे डिसेंबर १९४१-जानेवारी १९४२. पण अंक स्टॉलवर आला २१ ऑक्टोबर १९४१ला. म्हणजे पर्ल हार्बरच्या हल्ल्याआधी. त्या हल्ल्यातून या नायिकेचा जन्म झाला असं जिथे लिहिलेलं दिसेल तिथे लिहिणाऱ्याने फक्त मुखपृष्ठावरची तारीख वाचलेली असते. त्या काळी अमेरिकन अंकावर पुढची तारीख टाकायची पद्धत होती, म्हणजे माल शिळा वाटू नये. हा अंक नेहमीच्या ६८ऐवजी ७६ पानी आहे, कारण तिच्या ९ पानी कथेसाठी जादा पानं घातली. मुखपृष्ठावर मात्र ती कुठेच नाही.

लगेच जानेवारी १९४२ तारखेचा 'सेन्सेशन' १. यात ती मुखपृष्ठावर, आणि आत वाइल्डकॅट आणि मिस्टर टेरिफिक यांचंही पदार्पण. मग 'वंडर वुमन' १, त्रैमासिक. मग १९४२-४३च्या हिवाळ्यात 'कॉमिक कॅव्हलकेड', हे जाडजूड आणि १५ सेंटचं, तिघांच्या भागीत : वंडर वुमन, फ्लॅश, ग्रीन लँटर्न. मे १९४४ ते डिसेंबर १९४५ किंग फीचर्सतर्फे वर्तमानपत्रांत रोजची पट्टीही चालली. एकाच वेळी इतक्या ठिकाणी ही बाई नांदत होती, आणि लेखक-चित्रकार जोडी मात्र एकच. पुढे काय झालं असेल याचा अंदाज येतोच.

प्रकाशकाच्या नावावरून घोळ होतो तो असा. गेन्सची ऑल-अमेरिकन ही डीसीची भावंड कंपनी होती, वेगळी. मुखपृष्ठावर डीसीचं गोल चिन्ह, पण आतल्या बारीक अक्षरांत वेगळ्याच कंपन्या : 'जे. आर. पब्लिशिंग', 'वंडरवुमन पब्लिशिंग कंपनी', 'गेनली पब्लिशिंग'. हे वाचून प्रत बनावट आहे असं समजू नका. १९४५च्या काही अंकांवर तर डीसीऐवजी एएचं (ऑल-अमेरिकनचं) चिन्ह आहे, कारण गेन्सचं भागीदारांशी बिनसलं होतं. त्याने आपला हिस्सा विकला आणि ईसी ही नवी कॉमिक्स कंपनी काढली. या सगळ्या कंपन्या ३० सप्टेंबर १९४६ला नॅशनल कॉमिक्स पब्लिकेशन्समध्ये विलीन झाल्या. आपण आज जिला डीसी म्हणतो ती हीच.

मुळाक्षर :

उत्तम धागा. लेखकांबद्दल थोडी भर.

मार्स्टनला ऑगस्ट १९४४मध्ये पोलिओ झाला. त्याआधीच कामाचा डोंगर झाल्यामुळे त्याने जॉय हमेल या विद्यार्थिनीला मदतीला घेतलं होतं. ती त्याच्या मानसशास्त्राच्या वर्गात होती. आधी टंकलेखन, मग स्वतंत्र कथा. 'वंडर वुमन' १२ (वसंत १९४५) मधली शुक्रावरच्या पंखवाल्या मुलींची कथा तिची. १९४७ पर्यंत तिने ७०च्या वर कथा लिहिल्या आणि त्यातल्या एकाही कथेवर तिचं नाव नाही, सगळीकडे चार्ल्स मोल्टन. २०१८मध्ये तिला बिल फिंगर पुरस्कार मिळाला तेव्हा तिचं वय ९४ होतं.

मार्स्टन २ मे १९४७ला गेला. गेन्स त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लेक प्लॅसिडवर बोटीच्या अपघातात. पण 'चार्ल्स मोल्टन' ही सही त्यानंतरही कित्येक वर्षं छापली जात होती. तेव्हा सही बघून 'मार्स्टनने लिहिलेला अंक' असं कोणी विकत असेल तर आधी अंकाची तारीख बघा.

आणखी एक. या मालिकेवर स्त्रीचं लेखक म्हणून नाव छापलं गेलं ते थेट ३००व्या अंकात, फेब्रुवारी १९८३ला. डॅन थॉमस, नवरा रॉय थॉमसबरोबर. म्हणजे नायिका सुरू होऊन ४१ वर्षांनी.

गुळपोळी :

वाचनखूण साठवली.

एक शंका. ती जस्टिस सोसायटीत, म्हणजे 'ऑल स्टार'मधल्या सुपरहिरोंच्या संघात, सेक्रेटरी होती म्हणतात. इतकी ताकदवान बाई आणि काम बैठकींची मिनिटं लिहायचं?

मुळाक्षर :

@गुळपोळी, होय, तसंच होतं. आणि त्यामागचा किस्सा छापील आहे. गेन्सने वाचकांकडून कौल मागवला : बाई असली तरी हिला सोसायटीत घ्यावं का? पहिल्या १,८०१ उत्तरांत १,२६५ मुलगे आणि ३३३ मुली 'हो' म्हणाल्या. 'नाही' म्हणणारे १९७ मुलगे आणि ६ मुली. इतका स्पष्ट कौल येऊनही 'ऑल स्टार'ची मुख्य कथा गार्डनर फॉक्स लिहायचा, त्यामुळे बाईंच्या वाट्याला वही-पेन आलं. बाकीचे पुरुष मोहिमेवर, बाई कचेरीत.

त्याच सुमारास, मार्च १९४२मध्ये, कॅथलिक बिशपांच्या 'नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर डीसेंट लिटरेचर'ने 'सेन्सेशन'ला काळ्या यादीत टाकलं होतं. कारण? नायिकेचे कपडे पुरेसे नाहीत. गेन्सने सल्लागार मंडळावर मोठी नावं ठेवायची आणि अंकात भारदस्त मजकूर घालायचा सपाटा लावला त्यामागे हेही होतंच. टेनिसपटू अॅलिस मार्बल सहसंपादक म्हणून आली आणि 'वंडर विमेन ऑफ हिस्टरी' हे सदर १ल्या अंकापासून चालू झालं : पहिली फ्लॉरेन्स नाइटिंगेल, दुसरी क्लारा बार्टन. आज ती पानं अंक ओळखायला फार उपयोगी पडतात, कारण मुखपृष्ठ फाटलं तरी ती आत शाबूत राहतात.

फोर्टचा फुटपाथ :

हाच प्रश्न विचारणार होतो. मुखपृष्ठ नसलेली प्रत असेल तर क्रमांक कसा काढायचा? रद्दीत येणारे निम्मे अंक तसेच असतात.

खिळामोळा :

@फोर्टचा फुटपाथ, या क्रमाने बघा.

प्रथम पहिल्या आतल्या पानाच्या तळाशी अगदी बारीक टाइपातला प्रकाशकाचा मजकूर. त्यात बहुतेकदा नाव, क्रमांक, महिना, वर्ष, सगळं असतं. काही वर्षांत हा मजकूर मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला आहे. तसं असेल तर तो मुखपृष्ठाबरोबरच गेला.

मग अंक मधून उघडा आणि टाचणीतून जाणारे दुमडलेले ताव मोजा. एका तावाची ४ पानं. अमेरिकन मंडळी पानं मोजताना मुखपृष्ठाची ४ धरतात, हे लक्षात ठेवा. ६८ पानी अंकात आत १६ ताव हवेत, ६० पानीत १४, ५२ पानीत १२, ३६ पानीत ८. वर म्हटलेल्या ७६ पानी 'ऑल स्टार' ८मध्ये १८. सुरुवातीचे अंक ६८ पानी. युद्धात कागदाचं रेशनिंग आल्यावर ६०, मग ५२, आणि १९५४ पर्यंत उतरत उतरत ३६. किंमत मात्र १० सेंटच राहिली, १९६१ संपेपर्यंत. भाव वाढवण्याऐवजी पानं कापत गेले. म्हणून ताव मोजले की १९५४ पर्यंतच्या अंकाचा काळ अंदाजे ठरवता येतो.

याच मोजणीत दुसरं काम होतं. मधला ताव सगळ्यात आधी सुटतो. तो टाचणीतून निसटला तरी बाहेरून काही कळत नाही, अंक भरलेलाच वाटतो. कथेच्या चौकटींत खालच्या कोपऱ्यात त्या कथेपुरते पानांचे आकडे असतात. ते सलग लागतात का बघा. मधले आकडे गायब असतील तर ताव गेला, आणि तशा प्रतीचा भाव जवळजवळ मुखपृष्ठ नसलेल्या प्रतीइतका पडतो.

तिसरं म्हणजे चित्र. अंक ९७ (एप्रिल १९५८) पर्यंत पीटरचा हात : जाड बाह्यरेषा, कुरळ्या केसांचं काटेकोर वळण, बाहुलीसारखी ताठ उभी माणसं. पीटर जानेवारी १९५८ला वारला. ९८पासून रॉस अँड्रू आणि माइक एस्पोझिटो. इथे रेषा सुटी होते, चेहरे लांबट होतात. हे दोन हात एकदा शेजारी ठेवून बघितले की पुन्हा चुकत नाही. पायातलं पाहिलं तरी अंदाज येतो : आधी लाल बूट, १९५०च्या सुमारास पायाला पट्ट्या गुंडाळलेल्या चपला. आणि छातीवर गरुडाऐवजी दोन डब्ल्यूंचं चिन्ह असेल तर अंक २८८ (फेब्रुवारी १९८२) किंवा त्यानंतरचा.

चौथीचौकट :

कागदकीडा यांनी 'निदान पाच कॉमिक्स' म्हटलंय, पण मधल्या तीनवर अजून कोणी बोललं नाही.

मार्स्टननंतर रॉबर्ट कानिगर. लेखकही तोच, संपादकही तोच, थेट १७६व्या अंकापर्यंत (१९६८). वीस वर्षं एका माणसाच्या हातात. त्याच्या काळात सुपरहिरोंचा बाजार बसला. 'कॉमिक कॅव्हलकेड'मधून ती १९४८ला बाहेर पडली आणि तिथे प्राण्यांच्या विनोदी गोष्टी आल्या. 'सेन्सेशन'ने अंक ९४ (नोव्हेंबर-डिसेंबर १९४९) पासून प्रेमकथांचा वेश घेतला : मुखपृष्ठावर बाईंचा प्रियकर स्टीव्ह ट्रेव्हर बाईंना उचलून ओढा पार करतोय. ज्या बाईने विमानं उचलली तिला! अंक १०६ला 'सेन्सेशन'मधून तिची रवानगी, ११०पासून नावच 'सेन्सेशन मिस्टरी', आणि ११६ला दुकान बंद. स्वतःचं कॉमिक तेवढं टिकलं. १९४०च्या दशकातल्या ज्या मोजक्या सुपरहिरोंचं कॉमिक पन्नाशीतही अखंड चालू राहिलं त्यांत सुपरमॅन, बॅटमॅन आणि ही.

अंक १०५ (एप्रिल १९५९) मध्ये कानिगरने जन्मकथा बदलली आणि 'वंडर गर्ल' आणली. ती दुसरी कुणी नव्हे, वंडर वुमनच किशोरवयात. पुढे हेच विसरून तिला टीन टायटन्स या किशोरवयीन सुपरहिरोंच्या संघात स्वतंत्र मुलगी म्हणून घेतलं आणि तिचा इतिहास निस्तरताना पुढच्या लेखकांचा जीव मेटाकुटीला आला.

मग १७८ ते २०३, म्हणजे १९६८ ते १९७२. डेनी ओ'नील आणि माइक सेकोव्स्की. १७९मध्ये तिच्या शक्ती काढून घेतल्या, १८०मध्ये स्टीव्ह ट्रेव्हरला मारला, तिला ग्रिनिच व्हिलेजमध्ये कपड्यांचं बुटिक काढून दिलं आणि आय चिंग नावाचा अंध गुरू दिला. पांढरा जंपसूट, कराटे. मला हा काळ आवडतो. सेकोव्स्कीची पानं अजून जिवंत वाटतात.

आर्या७२ :

चित्रं आवडतात इथपर्यंत ठीक. पण नायिकेच्या सगळ्या शक्ती काढून तिला दुकानात बसवणं आणि वर त्याला काळाबरोबर जाणं म्हणणं, हे त्याच वेळी स्त्रीवादी पत्रकार ग्लोरिया स्टायनमला खटकलं होतं. तिच्या 'मिझ' मासिकाच्या जुलै १९७२च्या पहिल्या नियमित अंकावर वंडर वुमन आहे, जुन्या वेशात, 'वंडर वुमन फॉर प्रेसिडेंट' या ओळीसह. ती कल्पनाही मार्स्टन-पीटरच्या अंक ७ (हिवाळा १९४३) च्या मुखपृष्ठावरून घेतलेली. स्टायनमच्या पाठपुराव्यानंतर जानेवारी-फेब्रुवारी १९७३च्या २०४मध्ये शक्ती परत.

चौथीचौकट :

@आर्या७२, परत दिल्या खऱ्या, पण कशा ते बघा. २०२ आणि २०३ लिहायला विज्ञानकथा-लेखक सॅम्युएल डिलेनीला आणलं होतं. २०३ हा 'विमेन्स लिब' (स्त्रीमुक्ती) विशेषांक, एका डिपार्टमेंट स्टोअरमधल्या बायकांच्या पगाराची कथा. त्याची सहा अंकांची योजना होती. ती अर्ध्यात गुंडाळून पुन्हा कानिगरला बसवलं. त्याने २०४मध्ये आय चिंगला बंदूकधाऱ्याकडून मारलं, आणि त्याच पानांत एका स्त्री-संपादकालाही. डीसीत तेव्हा डोरोथी वूलफोक संपादक होती आणि हा टोमणा तिलाच होता. म्हणजे स्त्रीवादी आग्रहाने आलेल्या अंकाची सुरुवात एका संपादक बाईचा खून पाडून. तुमचा मुद्दा खोडत नाही, पण २०४ला विजयाचा झेंडा म्हणून मिरवू नका.

आर्या७२ :

मान्य. तरी त्याच २०४मध्ये नुबिया, म्हणजे वंडर वुमनची कृष्णवर्णी जुळी बहीण, पहिल्यांदा येते, त्यामुळे संग्राहकांना अंक हवाच असतो.

कागदकीडा :

दोघांचंही पटलं. खरेदीच्या बाजूने भर घालतो : १९६ ते २०० हे अंक ५२ पानी, २५ सेंटचे, आत जुन्या कथांचं पुनर्मुद्रण. १९९ आणि २००ची मुखपृष्ठं चित्रकार जेफ जोन्सची, त्यामुळे आतल्या मजकुरापेक्षा भाव मुखपृष्ठाला. २११ आणि २१४ हे १०० पानी. त्यांचा कणा चौकोनी, डिंकाने चिकटवलेला असतो. पन्नास वर्षांनी तो डिंक काचेसारखा ठिसूळ होतो, पूर्ण उघडला की पानांचे गठ्ठे सुटतात. तपासताना ९० अंशांपलीकडे उघडू नका.

त्यापुढचं थोडक्यात. लिंडा कार्टरची 'वंडर वुमन' टीव्ही मालिका दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घडत होती, म्हणून २२८ (फेब्रुवारी १९७७) पासून कॉमिकही युद्धकाळात नेलं. टीव्हीने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कथा वर्तमानात आणली. कॉमिकला परतायला २४३ (मे १९७८) उजाडला. तोवर वाचक गोंधळलेलेच. १९८२चा नवा वेश पहिल्यांदा दिसतो तो २८८मध्ये नव्हे, 'डीसी कॉमिक्स प्रेझेंट्स' ४१ (जानेवारी १९८२) मधल्या १६ पानी पुरवणीत. ती पुरवणी काढून घेतलेल्या प्रती फिरतात, बघून घ्या. ३२९मध्ये स्टीव्हशी लग्न लावून मालिका संपवली.

गुळपोळी :

मग ३२९नंतर २०१०मध्ये एकदम ६००वा अंक कसा आला? मधले २७० कुठे गेले?

खिळामोळा :

कुठे गेले नाहीत, बेरीज केली. पहिली मालिका ३२९. दुसरी (१९८७-२००६) २२६. तिसरी २००६पासून, ४४पर्यंत. ३२९ + २२६ + ४४ = ५९९. पुढचा ६००. तो क्रम ६१४पर्यंत चालला. २०११ला पुन्हा १पासून, ५२ अंक. २०१६ला परत १पासून, ८३ अंक. ६१४ + ५२ + ८३ = ७४९, म्हणून जानेवारी २०२०ला ७५०.

या बेरजेत दुसऱ्या मालिकेचे ० आणि १०,००,००० हे दोन विशेष क्रमांक धरलेले नाहीत. २०११च्या मालिकेतले ० आणि २३.१, २३.२ हेही नाहीत. १९८६ची ट्रिना रॉबिन्सने काढलेली चार अंकी 'लेजंड ऑफ वंडर वुमन' तर नाहीच नाही. पेटीत अंक लावताना ६००वर विसंबू नका, मालिकेचं सुरुवातीचं साल चिठ्ठीवर लिहा : '१९४२, अंक २०४' किंवा '१९८७, अंक २०४'. दोन्ही अस्तित्वात आहेत आणि भावात आभाळ-जमिनीचा फरक आहे.

फोर्टचा फुटपाथ :

आता पुनर्मुद्रणाचं सांगा. ऑनलाइन 'सेन्सेशन' १ चाळीस-पन्नास डॉलरला दिसतो.

खिळामोळा :

तो १९७४चा 'फेमस फर्स्ट एडिशन', क्रमांक सी-३०. 'वंडर वुमन' १चा तसाच १९७५चा एफ-६. डीसीने स्वतःच छापलेलं अधिकृत पुनर्मुद्रण, त्यात खोटं काही नाही. लबाडी अशी होते : बाहेरचं जाड मुखपृष्ठ सोनेरी-रुपेरी किनारीचं, त्यावर पुनर्मुद्रण असल्याचं स्पष्ट छापलेलं. त्याच्या आत मूळ मुखपृष्ठाची हुबेहूब नक्कल. बाहेरचं फाडून टाकलं की आतलं मूळ असल्यासारखं दिसतं.

फोटोवर फसू नका, पट्टी मागा. पुनर्मुद्रण साधारण १० बाय १३.५ इंच आहे. चाळिशीच्या दशकातला मूळ अंक साधारण ७.७५ बाय १०.२५. विक्रेत्याला अंकाशेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवायला सांगा, नाही म्हणाला तर तिथेच थांबा.

२०००-२००१च्या 'मिलेनियम एडिशन'मध्ये हेच अंक नेहमीच्या आकारात आले. त्यांच्या मुखपृष्ठावर सोनेरी शिक्का आणि आत नव्या सालाचा मजकूर असतो. अलीकडच्या फॅक्सिमिली (मुळाबरहुकूम छापलेल्या) प्रतींवर नवी किंमत आणि बारकोड.

कागदाची परीक्षा हवी असेल तर अंधाऱ्या खोलीत नोटा तपासायचा अतिनील टॉर्च मारा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची चमकद्रव्यं कागदात सरसकट आली ती १९५०नंतर. १९४२चा वर्तमानपत्री कागद टॉर्चखाली मंद पिवळट-तपकिरी राहतो. निळसर पांढरा चमकला तर कागद नंतरचा. फक्त मुखपृष्ठाचा एखादा कोपरा चमकला तर तिथे दुरुस्ती केलेली आहे : नवा कागद, डिंक किंवा रंग.

आर्या७२ :

रंगाच्या दुरुस्तीबद्दल एक. कण्यावरच्या पांढऱ्या चिरा काळ्या किंवा लाल मार्करने भरतात. आतून मुखपृष्ठ उजेडात धरलं तर शाई पाझरलेली दिसते. प्रतीच्या अवस्थेला श्रेणी देणाऱ्या कंपन्या अशा प्रतीला दुरुस्त केलेली म्हणून वेगळं लेबल लावतात, आणि मग तीच प्रत न रंगवता ठेवली असती तर जास्त गेली असती. कडा कापून सरळ केलेल्या असतील तर तेच. १९४०च्या अंकाच्या कडा अजिबात वेड्यावाकड्या नाहीत असं दिसलं तर लांबी-रुंदी मोजा.

फोर्टचा फुटपाथ :

आपल्याकडे जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जे मिळतं ते बहुतेक सत्तर-ऐंशीच्या दशकातलं. काहींवर ब्रिटिश पेनीच्या किमतीचा गोल शिक्का असतो. तो बनावट?

कागदकीडा :

नाही. थॉर्प अँड पोर्टर ही ब्रिटिश वितरक कंपनी अमेरिकन अंक आयात करून त्यावर शाईचा शिक्का मारायची. अंक मूळ अमेरिकन छपाईचाच. शिक्क्यामुळे काही अमेरिकन संग्राहक कमी भाव देतात, आपण का द्यावा? उलट ऑक्टोबर १९८२ ते मालिका संपेपर्यंत, म्हणजे २९६ ते ३२९, कॅनडासाठी वेगळी किंमत छापलेल्या प्रती आहेत : सुरुवातीला अमेरिकेत ६० सेंट तिथे ७५. त्या कमी छापल्या गेल्या आणि लोक अजून न बघता ढिगात टाकतात. मुखपृष्ठाचा किमतीचा कोपरा वाचत चला.

गुळपोळी :

आणि पावसाळ्यात ठेवायचे कसे? कोकणात तर भिंती घाम गाळतात.

मुळाक्षर :

@गुळपोळी, या कागदात लिग्निन (लाकडातला घटक) आणि आम्ल मुळातच आहे, त्यामुळे पिवळा पडणं थांबत नाही, फक्त मंदावतं. दमटपणा ५० टक्क्यांच्या आसपास ठेवायचा. पेटीत दहा-बारा रुपयांचं आर्द्रतामापक मिळणार नाही, पण दोन-तीनशेचं मिळतं, ते टाका. सिलिका जेल रंग बदलणारं घ्या आणि रंग बदलला की तव्यावर नाही, ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवा.

पिशवी पॉलिएस्टरची, म्हणजे मायलरची. साधी पीव्हीसी नको, ती काही वर्षांत चिकट होऊन शाई उचलते. मागे आम्लमुक्त पुठ्ठा. मापं तीन येतात आणि इथेच लोक चुकतात : चाळिशीच्या अंकाला ७.७५ इंच रुंद, साठीच्या अंकाला ७.१२५, ऐंशीच्या अंकाला ६.८७५. अरुंद पिशवीत जुना अंक कोंबला की कडा दुमडते आणि ती दुमड कायमची.

टाचणीला गंज दिसला तर टाचणी उपटू नका. बदललेली टाचणी दुरुस्तीत धरतात आणि काढताना कण्याचा कागद फाटतो तो वेगळाच. दमटपणा उतरवला की गंज पुढे सरकत नाही. डांबरगोळ्या पेटीत नकोत, त्यांची वाफ कागदात आणि प्लॅस्टिकमध्ये मुरते. कसर लागू नये म्हणून पेटी झाकणाची आणि जमिनीपासून वर, भिंतीपासून चार बोटं लांब. लोखंडी कपाटात ठेवत असाल तर अंक पत्र्याला टेकू देऊ नका, रात्री पत्रा गार पडतो आणि पाणी सुटतं.

फोर्टचा फुटपाथ :

सेलोटेपने चिकटवलेला कणा? तो काढावा का?

मुळाक्षर :

हात लावू नका. जुना टेप ओढला की वरची शाई टेपबरोबर येते. टेप आहे तसा ठेवून मायलरमध्ये घाला. विकताना टेप असल्याचं आधीच सांगा आणि त्या जागेचा जवळून फोटो द्या.